म्हातारी जळू घेऊन वऱ्हाडात

वऱ्हाडात जायला निघालो तेव्हा आमच्या आळीत दोन तट पडले. एका तटात मी एकटा, आणि दुसऱ्यात बायको, मुलगा, सून, शेजारीपाजारी. त्यांचा म्होरक्या सखोबा. सखोबाही माझ्यासारखाच जळवा लावणारा. नाशकात कुणाला गळू झालं, सूज आली, कुठं रक्त साकळलं, की माणूस एकतर त्याच्याकडे जातो नाहीतर माझ्याकडे येतो. जन्मात आमचं एका गोष्टीवर पटलेलं नाही, आणि तरी रोज संध्याकाळी तो माझ्याच ओट्यावर येऊन बसतो.

झालं होतं असं. माझी थोरली बहीण अक्का अमरावतीला दिलेली. भावजींचं घराणं मूळचं आमच्याकडचं, पण काळ्या जमिनीच्या ओढीनं त्यांचे आजे वऱ्हाडात गेले आणि तिकडचेच झाले. त्या भावजींचं पत्र आलं. अक्काच्या घोट्याच्या वर जखम झाली आहे, दिवाळीपासून भरत नाही, पाऊल काळंनिळं होऊन सुजलं आहे. छावणीतला गोरा डॉक्टर भला माणूस आहे, पण त्यानं स्पष्ट सांगितलं आहे की संक्रांतीपर्यंत उतार पडला नाही तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. शेवटी अक्कानं सांगून लिहवलेलं एक वाक्य होतं, ‘रामाले म्हना, पाय असेपर्यंत भेटून जाय.’ ते मी पुन्हा वाचलं. आई लवकर गेली. याच पायांनी अक्का मला कडेवर घेऊन गोदेवर धुणं धुवायला जायची.

मी सगळ्यांना सांगून टाकलं, मी जातो, जळवा घेऊन जातो, आणि म्हातारीलाही नेतो.

म्हातारी म्हणजे माझी सगळ्यांत जुनी जळू. धाकट्या मुलीच्या बारशाच्या सुमाराला मी तिला तळ्यातून आणली, आणि आता ती मुलगी सासरी नांदते आहे. म्हातारीच्या अंगाच्या कडेला खेकड्यानं तोडल्याची एक खाच आहे, त्यामुळे ती कुठंही ओळखू येते. म्हातारी हे नाव बायकोनं ठेवलं. माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त होतात असंही बायको म्हणते, आणि ते खोटं नाही.

सखोबाचं म्हणणं, जळू हा दोन पावसाळ्यांचा जीव. तीनदा लावावी आणि ओढ्यात सोडून द्यावी. जुनी झाली की दात बोथट होतात, पकड जाते. मी म्हणतो, बोथट होतात त्या तुझ्या हातात, कारण तू त्यांना विसावा देत नाहीस. एकदा पोटभर प्यायलेली जळू अर्धं वर्ष उपाशी राहते. जो जीव इतक्या सावकाशीनं जेवतो तो म्हाताराही सावकाशीनंच होणार. म्हातारीला वय झालंच नाही असं मी म्हणत नाही. पाठीवरचे पट्टे फिके पडले, थंडीत ती पूर्वीसारखी हलत नाही, आणि तिला पिलं होणं कधीच थांबलं. पण पकड तशीच आहे. तरणी जळू दिसेल तिथं तोंड घालते आणि लवकर सुटते. म्हातारी आधी फिरते, जागा पाहते, आणि एकदा धरलं की काम पुरं केल्याशिवाय सुटत नाही.

सखोबानं पानाची पिंक टाकली आणि निकाल दिला. "ती पोचायची नाही. पोचली तर धरायची नाही. आणि धरलंच तर परत यायची नाही." मग माझ्या पांढऱ्या मिशीकडे बघून म्हणाला, "तुझंही तेच समज."

हे शेवटचं मला झोंबलं. दुसऱ्याच दिवशी मी निघालो.

मलकापूर

आगगाडीचं कौतुक आता जुनं झालं, त्यामुळे ते लिहीत बसत नाही. एवढंच सांगतो की जळवा घेऊन प्रवास करावा, बसायला ऐसपैस जागा मिळते. माझ्याजवळ दोन मडकी होती. एकात जळवा, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. दुसऱ्यात गोदेचं पाणी, वाटेत बदलायला. शेजारच्या कापसाच्या दलालानं पहिल्या मडक्यात काय आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. तो उठून पलीकडच्या बाकावर गेला, आणि त्याच्या मागोमाग तीन-चार जण गेले. तिथूनच ओरडून त्यानं मला समजावलं की अमेरिकेत भाऊभाऊ लढताहेत, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आहे. माणसं कुठं लढतात आणि कुणाचं भलं होतं, काही सांगता येत नाही.

रूळ तेव्हा मलकापूरच्या पुढं टाकत होते. गाडी तिथंच थांबली. उतरलो तर समोर कापसाच्या गठ्ठ्यांचे डोंगर, आणि हमालांची अशी धावपळ की जत्रा बरी. त्या धावपळीत एक गठ्ठा घरंगळला आणि माझ्या पाण्याच्या मडक्यावर येऊन बसला. गोदामाई तिथल्या तिथं काळ्या मातीत जिरली. जळवांचं मडकं माझ्या काखेत होतं म्हणून वाचलं. हमाल म्हणाला, "पानीच होतं ना बापा, तूप त नोहोतं." त्याला काय सांगणार, मी उरलेलं मडकं घट्ट धरलं.

पुढं बैलगाडी करायची होती. तिथं रहमानभाई भेटला. बाळापूरचा, दाढीत मेंदी, डोक्याला हिरवा रुमाल. त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या. मी म्हटलं, "अरे, माझ्या बायकोच्या अंगावर एवढी चांदी नाही." तो म्हणाला, "तुमची बायको कापसाची गाडी वोढत नाई ना वैदबुवा." असा हजरजबाबी माणूस मला आवडतो. मी मडकं त्याच्या गाडीत ठेवलं.

बाळापूर आणि अकोला

वाट सारी काळ्या मातीची, आणि वाटेवर कापसानं भरलेल्या गाड्यांची रीघ. गाड्यांतून उडालेला कापूस बाभळींना अडकून राहिलेला. आमच्याकडे द्राक्षाच्या मांडवाखाली बसणाऱ्या माणसाला ते सपाट, उघडं रान आधी परकं वाटतं. दुसऱ्या दिवशी तेच रान ओळखीचं झालं.

बाळापूरला मन नदीवर थांबलो. जळवांचं पाणी तिथं बदललं, कारण नदीचं पाणी निवळशंख होतं. उथळात बोटभर मासळ्या झुंडीनं पळत होत्या. रहमानभाई पाण्यात पाय सोडून बसला आणि म्हणाला, "ह्या पाहा. पावसात जलमल्या, उन्हाळ्यापावतर खल्लास. एका सालाचा जीव. आन तुमच्या मडक्यातल्या?" मी त्याला म्हातारीची गोष्ट सांगितली. त्यानं पाण्यात पाय हलवून मासळ्या पांगवल्या. मग म्हणाला, "मंजे जो पळते, तो लवकर जाते. जो चिकटून राहते, तो राहते." बैल हाकणाऱ्यानं असं म्हणावं याचं मला हसू आलं. पण उरलेल्या वाटेत त्यानं बैल जरा सावकाश हाकले.

अकोल्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या शेतात हुरडा भाजत होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला थांबवलं आणि विचारलं, "काहून आले?" मला राग आला. पाहुण्याला, का आलात, असं विचारतात का? नाशकात आम्ही आधी या, बसा, पाणी घ्या म्हणतो, मग हळूच विषय काढतो. रहमानभाईनं मला ढोसलं. "अहो, थे पिरेमानं इचारून राहिले." आणि खरंच, पुढच्या घटकेला त्या माणसानं माझ्या ओंजळीत गरम हुरडा ओतला, वर तीळ-जवसाची चटणी दिली, लसणाचा ठेचा दिला. मी नको नको म्हणत होतो तसा तो आणखी वाढत होता. अक्काच्या पायाचं ऐकलं तेव्हा म्हणाला, "जा मंग, बसले काहून?" आणि शेतातून हाकलून दिलं. वऱ्हाडचं आतिथ्य हे असं आहे, आधी भीती वाटते, मग सुटका होत नाही.

अकोल्यात मोर्णा नदीचं पाणी बैलांनी आणि गाड्यांनी इतकं गढूळ केलं होतं की जळवांना ते द्यायला मन होईना. मी म्हटलं, पुढच्या मुक्कामी बघू. तिथंच घोटाळा झाला.

खारं पाणी

अकोल्याच्या पुढं एका गावी पाटलाच्या घरी उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या घरानं आमच्यासाठी जे केलं त्याची जाहिरात त्यांना आवडणार नाही. मी परसात अंघोळीला बसलो. पाणी अंगावर घेतलं तर चिकट लागलं. ओठावर एक थेंब आला, जिभेला खारट. मला वाटलं, घामच असेल. इतक्यात रहमानभाई आनंदानं ओरडला, "वैदबुवा, तुमच्या जळवांचं पानी बदलून टाकलं हो. वास मारून राहिलं होतं."

मी तसाच ओलेत्यानं उठलो. "कुठलं पाणी घातलंस?"

"इहीरचं. ताजं, आत्ता काढलेलं."

त्या मुलखाला खारपाण म्हणतात हे मला तेव्हा कळलं. तिथं विहीर कितीही खोल खणा, पाणी खारंच लागतं. लोक तेच पितात, गुरांना पाजतात, त्यात न्हातात. बाळापूरच्या विहिरीही तशाच, रहमानभाई त्याच पाण्यावर वाढलेला, त्याच्या जिभेला ते गोड. पाहुण्यांसाठी आणि डाळ शिजवायला म्हणून घरोघर थोडं गोडं पाणी लांबून आणून रांजणात ठेवतात. पाहुण्याचं पाणी किड्यांना कसं मागावं म्हणून तो लाजला आणि विहिरीवर गेला. जळवेला मीठ म्हणजे माणसाला निखारे. मडक्याचं फडकं सोडून मी आत पाहिलं. माझ्या पोसलेल्या, निवडून आणलेल्या सगळ्या जळवा तळाशी आकसून पडल्या होत्या. पाणी लालसर झालं होतं. एकही हलत नव्हती.

राग आला नाही. आधी अक्का डोळ्यांसमोर आली, ओसरीवर पाय पुढं करून बसलेली. संक्रांत सहा दिवसांवर होती.

रहमानभाईचा चेहरा पांढराफटक पडला. "अल्लाकसम वैदबुवा, मले काय मालूम. आमी त हेच पिऊन मोठे झालो." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्यावर ओरडावं म्हणून तो उभा होता. फडकं पिळावं म्हणून मी मुठीत घेतलं, तर काहीतरी गार, जाडसर बोटाला लागलं.

फडक्याच्या आतल्या घडीत म्हातारी चिकटून बसली होती.

तरण्या होत्या त्या पाण्यात धडपडल्या आणि मेल्या. म्हातारी मात्र वर चढली, मडक्याच्या गळ्यापर्यंत, तिथून फडक्यावर. हा अनुभव म्हणा की नशीब म्हणा, मी अनुभव म्हणतो. मी ती खाच बोटानं चाचपून पाहिली. मग मात्र मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

पाटलीणबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी रांजणातलं गोडं पाणी तांब्यानं माझ्या मडक्यात ओतायला सुरुवात केली. मी म्हटलं, "बाई, तुमच्या डाळीचं पाणी ते." त्या म्हणाल्या, "डाळ नाई शिजली त ठेचा हाय. तुमच्या बहिनीच्या पायाले ठेचा चालते का?" त्या दिवशी त्या घरात ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा एवढंच होतं. पंगतीत मी लाजून खाली बघत होतो आणि पाटील मला आग्रह करकरून भाकरी वाढत होते.

बडनेऱ्याजवळचं तळं

एकट्या म्हातारीवर काम निभेल का, ही काळजी मला खात होती. एक जळू एकदा प्यायली की तिला महिनोन्‌महिने विसावा द्यावा लागतो. बडनेऱ्याच्या अलीकडे एक तळं दिसलं. रहमानभाईनं गाडी थांबवली, धोतर खोचलं, आणि पौषाच्या थंडीत मांडीभर पाण्यात जाऊन उभा राहिला.

"काय करतोस?"

"जळवा धरून देतो. माझ्यापायी गेल्या, माझ्यापायीच येतीन."

थंडीत जळवा चिखलात खोल बसतात, वर येत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. तो ऐकेना. दात वाजत होते आणि तोंडानं जळवांची विनवणी चालली होती. बऱ्याच वेळानं ओरडला, "लागली, लागली." बाहेर आला तर पिंडरीला एवढ्याशा दोन पिलू जळवा, आणि दोघीही त्याचं रक्त पिऊन टम्म. पोट भरलेली जळू आता काय कामाची? मी हसत सुटलो. तोही हसायला लागला, आणि हसता हसता म्हणाला, "मंजे तरण्या जळवांचं काम हे असंच. म्हातारीच खरी." सखोबानं हे ऐकायला हवं होतं.

अमरावती

अमरावतीला पोचलो तेव्हा अक्का ओसरीवरच होती, मी डोळ्यांसमोर आणली होती तशीच, पाय उशीवर. मला बघून म्हणाली, "काहून रे, एवढा उशीर? आन एवढा म्हातारा कवा झालास?" मी तिच्या पायाशी बसलो. पाऊल सुजून गुळगुळीत झालेलं, जखमेभोवती काळपट निळी कातडी, शिरा तट्ट फुगलेल्या. बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहिला. पण पाऊल गार नव्हतं. सडलेल्या पायाला जो वास येतो तो नव्हता. नासकं रक्त अडून बसलं होतं, एवढंच. मी भावजींना म्हटलं, "हा पाय जायचा नाही." म्हणालो खरं, पण जळू माझ्याजवळ एकच होती.

भावजी म्हणजे सुपारी कातरत बसणारा, जगात कशानं न घाबरणारा माणूस. अंगणात त्यांचा सरकी काढलेला कापूस ढीग घालून ठेवलेला, दलाल येऊन भाव सांगून जात होते, आणि हे मान हलवून त्यांना परत पाठवत होते. डॉक्टर संध्याकाळी घोड्यावरून आला. त्याला मोडकीतोडकी हिंदुस्थानी येत होती. त्यानं मडक्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "बस, एकच?" त्याच्याही जळवा मुंबईहून येता येता मेल्या होत्या, म्हणून त्याला माझी कीवच आली असावी. जुनी जळू कामाची नसते, आम्ही एकदा वापरून टाकून देतो, असं तो म्हणाला. माझ्या कानात सखोबाच बोलतोय असं वाटलं. तरी जाताना त्यानं शब्द दिला, संक्रांतीच्या सकाळी येतो, तोवर हत्यार काढत नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हातारीला अक्काच्या पायावर सोडली. ती हललीच नाही. दुधाचा थेंब लावला, सुईनं टोचून रक्ताचा थेंब काढला. ती लोळागोळा होऊन पडून राहिली. वऱ्हाडची थंडी कोरडी, हाडात शिरणारी, आणि म्हातारीला थंडी सोसत नाही. मी पुन्हा पुन्हा तिला जागेवर ठेवत होतो. अक्का म्हणाली, "तिले काहून तरास देऊन राहिला रे? तेबी म्हातारी, मीबी म्हातारी. आमाले राहू दे आता." तिनं हे इतक्या शांतपणे म्हटलं की मी म्हातारीला उचलून परत मडक्यात ठेवली. भावजींचा सुपारी कातरणारा अडकित्ता थांबला.

ते उठले. अंगणात गेले, कापसाच्या ढिगाला दोन्ही हातांनी मोठं भगदाड पाडलं आणि म्हणाले, "आन इकडं ते मडकं. माणूस थंडीनं गारठला त आपण दुलई देतो का नाई?"

मी म्हटलं, "भावजी, कापूस ओला होईल. डाग पडतील."

"पडू दे."

सोन्याच्या भावाचा कापूस तो, आणि त्यात आम्ही जळवेचं मडकं पुरलं. वर ऊन, चहूकडून ऊब. रहमानभाई बैलांना पाणी दाखवायचं सोडून त्या ढिगाशी राखण करत बसला, कुणी दलाल जवळ आला की हातानं लांब हो म्हणायचा. दुपारी मडकं काढलं तर पाणी कोमट झालेलं आणि म्हातारी लांबलचक होऊन आत पोहत होती, अगदी पाण्यात सोडलेल्या रिबिनीसारखी. मी तिला पायावर ठेवलं. ती फिरली. जखमेच्या एका कडेला गेली, परत आली, मान उचलून हवेत हलवली. आम्ही सगळे श्वास धरून बसलो होतो. मग तिनं घोट्याच्या आत, अगदी काळ्या कातडीच्या काठावर, तोंड टेकलं आणि पाठीची कमान केली. तिनं धरलं.

"चावली," अक्का म्हणाली, "मुंगीवानी." आणि तिच्या तोंडावर हसू आलं.

ती इतका वेळ प्यायली की भावजी मध्ये जेवून आले. सुटली तेव्हा माझ्या अंगठ्याएवढी झाली होती. जखमेतून काळं रक्त बराच वेळ झिरपत राहिलं, मग लाल आलं. संध्याकाळपर्यंत पावलाची चकाकी गेली आणि कातडीवर सुरकुत्या दिसायला लागल्या. सुरकुत्या बघून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

पण एकदा पुरेसं नव्हतं, आणि दुसरी जळू नव्हती. लगेच पुन्हा लावायची तर प्यायलेलं रक्त ओकवायला हवं. तरण्या जळवेच्या तोंडाला हळद लावली की ती भडाभडा ओकते, पण या वयात हळदीनं म्हातारीला मारलंच असतं, हे मी अक्कालाही सांगितलं. मी तिला कोंड्यात लोळवली, शेपटीकडून तोंडाकडे दोन बोटांनी हळूहळू निथळवत आणली. थेंब थेंब करत तिनं सगळं सोडलं आणि बोटांत मेल्यासारखी लोंबली. मी तिला कोमट पाण्यात ठेवलं आणि म्हटलं, बाई, तू माझ्या घरी इतकी वर्षं काढलीस, आता ही एकच उपकाराची गोष्ट कर. अक्का हे ऐकत होती. मला चिडवायची संधी ती सोडत नाही, पण तेव्हा तिनंही म्हातारीला हात जोडले.

भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकर खाऊन मी मडक्याचं फडकं काढलं. ती काठावर येऊन बसली होती. पुन्हा कापसाची ऊब दिली, पुन्हा लावली, आणि तिनं पुन्हा धरलं. या वेळी जागा शोधायलाही तिला वेळ लागला नाही.

संक्रांतीच्या सकाळी मी ओसरीवर मडकं धूत होतो. म्हातारी ओल्या फडक्यावर पसरलेली, थकलेली, पण जिवंत. तेवढ्यात मागून हळदीकुंकवाचं ताट घेऊन अक्का आली आणि त्या फडक्यासमोर वाकली. तिनं चिमटीत हळद घेतलेली पाहिली आणि माझं डोकं फिरलं.

"अक्का, हळद नको तिला," मी तिचा हात धरला. "परवा काय सांगितलं होतं मी? एवढ्या प्रवासातून, मिठातून, थंडीतून वाचवून आणली, आणि तू आता हळद लावून मारणार? ओकून मरेल ती. तुला किती वेळा सांगायचं?"

"सवाशीण घरी आली, तिले कुकूबी लावू नको का मंग?" अक्का म्हणाली. "असं कसं तुमचं नाशीक."

"कुंकू नको, हळद नको, तिळगूळ नको. तिला काही नको."

आमची ही बाचाबाची चाललेली, आणि भावजी दारात उभे राहून बघत होते. हातात अडकित्ता तसाच उघडा. म्हणाले, "रामा, तू हळदीचं काय घेऊन बसला बापा. ते इथपावतर कशानं आली, थे त पाहा."

मी पाहिलं. अक्काची खाट आतल्या खोलीत. मधे माजघर, मग उंबरा, मग ओसरी. ती काठी न घेता, ताट दोन्ही हातांत धरून आली होती, आणि त्याच पायावर उभी राहून माझ्याशी भांडत होती. तिच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. तिनं खाली आपल्या पावलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ताट माझ्या हातात देऊन पदरात तोंड लपवलं.

डॉक्टर आला तेव्हा त्याची पेटी रहमानभाईनं घोड्यावरून उतरवूनच घेतली नाही. दार अक्कानंच उघडलं. डॉक्टरनं पाऊल दाबून पाहिलं. खड्डा पडला आणि भरून आला. त्यानं पुन्हा दाबलं, पुन्हा भरून आला. अक्कानं त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, आणि तो त्यानं उभ्याउभ्याच खाल्ला. जाताना मडक्यात वाकून म्हातारीकडे बराच वेळ बघत राहिला.

जखम भरेपर्यंत मी माघात तिथंच राहिलो. पाटलीणबाईंना येताना अमरावतीच्या गोड्या पाण्याचे दोन माठ रहमानभाईच्या गाडीतून पोचवले. त्या म्हणाल्या, "काहून आनले?" आता मला त्याचा अर्थ कळत होता.

परवा नाशकात पोचलो. संध्याकाळी सखोबा ओट्यावर आला, माझ्याकडे न बघता मडक्याजवळ बसला, फडकं उचललं आणि खाच शोधू लागला. सापडल्यावर फडकं नीट बांधून ठेवलं. मग विचारलं, "अक्का चालते?"

"भांडायला उभी राहते," मी म्हटलं.